माहीत होतं त्यांचं काय?

हासनचं मतदान २६ एप्रिल २०२४ला झालं आणि आमचं ७ मेला. कर्नाटकात लोकसभेची निवडणूक दोन खेपांत होती. आधी दक्षिणेकडच्या १४ जागा, मग उत्तरेकडच्या १४. मधल्या अकरा दिवसांत बिदर आणि कलबुर्गीच्या चहाच्या हॉटेलांत तुरीचा भाव, दुष्काळाची मदत, आमच्या भागासाठीचं संविधानाचं कलम ३७१ (जे) हे सगळे विषय मागे पडले आणि हासन पुढे आलं. एरवी बिदरवाल्याला हासनपेक्षा मुंबई जवळची. औराद, भालकी, बसवकल्याण, इकडे आळंद, इथल्या मराठी घरांत पेपर येतो तो लातूरचा नाहीतर सोलापूरचा. लेकी दिल्या जातात त्या उदगीर, निलंगा, उमरग्याकडे. दक्षिणेतलं गौडांचं राजकारण आम्ही सोयऱ्याच्या घरातली भाऊबंदकी बघावी तसं लांबून बघत आलो. पण एप्रिलच्या त्या शेवटच्या आठवड्यात ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर एकच नाव होतं: प्रज्वल रेवण्णा.

वय ३३. हासनचा मावळता खासदार आणि पुन्हा उमेदवार. आजोबा एच. डी. देवेगौडा, जून १९९६ ते एप्रिल १९९७ या काळात देशाचे पंतप्रधान. काका एच. डी. कुमारस्वामी, दोनदा मुख्यमंत्री. वडील एच. डी. रेवण्णा, होळेनरसीपूरचे आमदार आणि अनेक वर्षं मंत्री. भाऊ विधान परिषदेत. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःची मालमत्ता ४० कोटींच्या वर. त्याआधीच्या निवडणुकीत मालमत्ता नीट दाखवली नाही म्हणून उच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ला त्याची खासदारकी रद्दही केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती वाचली. म्हणजे हा माणूस कायद्याच्या नजरेत पहिल्यांदा आला तो बायकांच्या तक्रारीने नव्हे, जमीनजुमल्याच्या हिशेबाने. आपल्याकडे ती तक्रार लवकर ऐकली जाते.

मतदानाच्या तोंडावर हासनमध्ये पेन ड्राइव्ह सापडू लागले. बस स्टँडवर, बागेत, दुकानांच्या दारात. त्यांत असंख्य व्हिडिओ होते, आणि ते अत्याचार करणाऱ्याने स्वतःच काढलेले होते. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा नागलक्ष्मी चौधरी यांनी चौकशीसाठी सरकारला पत्र लिहिलं. मतदान उरकताच प्रज्वल जर्मनीला निघून गेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बी. के. सिंह यांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि होळेनरसीपूरच्या ठाण्यात पहिला गुन्हा नोंदला गेला. तक्रार घरातच काम केलेल्या एका बाईची होती.

पेन ड्राइव्ह वाटणाऱ्यांना या गोष्टीत कुणी नायक करू नये. त्या चित्रफितींत बायकांचे चेहरे उघडे होते. कुणी पक्षाची कार्यकर्ती, कुणी काम मागायला आलेली, कुणी घरातली मोलकरीण. एकाही बाईला विचारलेलं नव्हतं. अत्याचार एकदा झाला होता, आता तो गल्लोगल्ली झाला. हासन जिल्ह्यात बायका घरं सोडून गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या, आणि त्या वाचताना कुणालाही नवल वाटलं नसेल. नवऱ्याने, दिराने, गावाने आधी काय विचारलं असेल हे सांगायला हासनला जावं लागत नाही. पुढे तपास पथकाला जाहीर सांगावं लागलं की हे व्हिडिओ पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे. तोवर ते आमच्या बिदरपर्यंत पोचले होते, हळहळ व्यक्त करत एकमेकांना पाठवले जात होते.

आता मूळ प्रश्न. हे कुणाकुणाला माहीत होतं?

एक माजी ड्रायव्हर होता. घराण्याकडे वर्षानुवर्षं काम केलेला, मग जमिनीच्या वादातून फाटलेला. त्याच्याकडे हे व्हिडिओ होते. जून २०२३मध्येच प्रज्वलने बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला होता. ऐंशीहून जास्त वृत्तसंस्थांनी आणि त्या ड्रायव्हरसकट काही व्यक्तींनी आपल्याविषयी बदनामीकारक काही छापू-दाखवू नये, असा. त्याचं म्हणणं चित्रं बनावट आहेत असं होतं. हुकूम मिळालाही. ही वाट त्याने शोधलेली नव्हती. मार्च २०२१मध्ये रमेश जारकीहोळींचं सीडी प्रकरण गाजलं आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं, तेव्हा त्याच मंत्रिमंडळातले सहा मंत्री धावत न्यायालयात गेले होते आणि माध्यमांविरुद्ध असेच मनाई हुकूम घेऊन आले होते. ज्यांच्यावर अजून काहीच आलेलं नव्हतं, त्यांनी आधीच छत्री उघडली. लोकांनी त्यावर विनोद केले. मात्र मनाई हुकमाची खरी मेख अशी, की ज्या दिवशी तो मागितला जातो त्या दिवशी कोर्ट, वकील आणि ऐंशी संपादक यांना काहीतरी आहे एवढं तर कळतंच. २०२३च्या जूनपासून कर्नाटकातल्या प्रत्येक मोठ्या वृत्तवाहिनीच्या विधी विभागाला हे नाव माहीत होतं.

मग ८ डिसेंबर २०२३चं पत्र. लिहिणारे देवराजे गौडा, भाजपचे वकील-पुढारी, त्याच वर्षी होळेनरसीपुरात रेवण्णांविरुद्ध विधानसभा लढून हरलेले. ड्रायव्हरने पेन ड्राइव्ह आणून दिला तो यांच्याकडे. पत्र प्रदेशाध्यक्ष बी. वाय. विजयेंद्र यांच्या नावे. त्यात २,९७६ व्हिडिओंचा आकडा होता, आणि देवेगौडांच्या जनता दलाशी युती करून हासनची जागा त्या घराला दिली तर हे आपल्या अंगावर येईल असा इशारा होता. पत्र आपल्याला मिळालंच नाही, असं पक्षाने नंतर सांगितलं. मिळालं की नाही हे टपालखातं जाणे. पण पत्राचा सूर पुन्हा पाहावा. त्यात बायकांना वाचवा असं नव्हतं, जागा वाचवा असं होतं. पुढे मे महिन्यात याच देवराजे गौडांना एका वेगळ्या लैंगिक छळाच्या गुन्ह्यात अटक झाली. भाजपच्या हासनमधल्या एका माजी आमदाराच्या जवळच्या माणसांना व्हिडिओ पसरवल्यावरून अटक झाली. जनता दलाने बोट उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्याकडे दाखवलं, त्यांनी ते झटकलं. या साखळीत पाहावं तो पुरुष आहे, आणि प्रत्येकाच्या हातातला तो पेन ड्राइव्ह म्हणजे पुरावा नव्हता, हत्यार होतं. कधी काढायचं, कुणावर, किती किमतीला, एवढाच सवाल.

प्रज्वलला तिकीट मिळालं. १४ एप्रिलला म्हैसूरच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी, देवेगौडा आणि प्रज्वल एका व्यासपीठावर दिसले. तो फोटो पुढे देशभर फिरला. पंतप्रधानांना तेव्हा काय माहीत होतं हे मी सांगू शकत नाही, आणि फोटोवरून गुन्ह्यातली भागीदारी काढणं हा उथळपणा आहे. पण ज्या पक्षाकडे बूथनिहाय प्रत्येक मतदाराची जात-पोटजात लिहून असते, त्याला मित्रपक्षाच्या उमेदवाराविषयी कोर्टाच्या कागदावर आलेली गोष्ट कळत नाही, हेही पटत नाही. आणि काँग्रेस? सरकार मे २०२३पासून त्यांचं. गृहखातं त्यांचं, गुप्त वार्ता विभाग त्यांचा. कारवाईची चाकं फिरली ती हासनचं मतदान झाल्यावर, आमचं व्हायच्या आधी.

प्रज्वल परदेशी गेला तो राजनैतिक पासपोर्टवर. खासदाराला तो मिळतो आणि जर्मनीसाठी त्यावर वेगळा व्हिसा लागत नाही. १ मे आणि २२ मे, अशी दोन पत्रं मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी पंतप्रधानांना लिहिली की तो पासपोर्ट रद्द करा. परराष्ट्र खात्याची कारणे दाखवा नोटीस निघाली ती दुसऱ्या पत्रानंतर. दरम्यान इंटरपोलची ब्लू कॉर्नर नोटीस निघाली होती. १८ मे हा देवेगौडांचा ९१वा वाढदिवस. त्या दिवशी त्यांनी नातवावर कारवाई व्हायला हरकत नाही म्हटलं, पण मुलगा एच. डी. रेवण्णांवरचा गुन्हा रचलेला असल्याचंही सांगितलं. २३ तारखेला त्यांनी नातवाला जाहीर इशारा देणारं पत्र काढलं: परत ये, कायद्यापुढे उभा राहा. ३१ मेच्या मध्यरात्रीनंतर म्युनिकहून आलेलं विमान बेंगळुरूला उतरलं. त्याला धरून गाडीत बसवणारं पोलीस पथक महिलांचं होतं. ते मुद्दाम केलेलं होतं, आणि चांगलं केलं.

प्रज्वलच्या जनता दलाचं निवडणूक चिन्ह भाताची पेंढी डोक्यावर घेतलेली शेतकरी बाई आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पुढच्या भागाची नायिका खरं तर तीच. म्हैसूर जिल्ह्यातली, चाळिशी उलटलेली, रेवण्णांच्या हासनजवळच्या गन्निकडा इथल्या फार्महाऊसवर काम करणारी. आमच्या भागात शेतातल्या अशा ठिकाणाला आखाडा म्हणतात. सालगडी आणि त्याची बायको तिथे पत्र्याच्या खोलीत राहतात, गुरं राखतात, मालक आला की स्वयंपाक करतात. मालक कुणाला सोबत आणतो, किती वाजता येतो, काय पितो, हे बघायचं नसतं. गन्निकडा म्हणजे तोच आखाडा, कोटींच्या हिशेबातला. २०२१ साली त्या बाईवर तिथे आणि बेंगळुरूच्या घरी बलात्कार झाला आणि त्याचं चित्रीकरणही झालं. तिने काम सोडलं, गप्प बसली. तीन वर्षांनी तो व्हिडिओ फुटला तेव्हा, २९ एप्रिल २०२४ला, रेवण्णांच्या माणसाने तिला गाडीत घालून नेलं, अशी तक्रार आहे. तक्रार २ मेच्या रात्री तिच्या विशीतल्या मुलाने दिली. हुणसूर तालुक्यात एका निकटवर्तीयाच्या फार्महाऊसवर ती सापडली. ४ मेला एच. डी. रेवण्णांना अटक झाली. दहा दिवसांनी ते जामिनावर बाहेर आले. त्यांच्या पत्नी भवानी रेवण्णांना उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला. अपहरणाचे आरोप दोघांनीही नाकारले आहेत आणि त्यांचा फैसला कोर्टात व्हायचा आहे.

त्या मुलाचा विचार मनातून जात नाही. आईचा असा व्हिडिओ गावभर झालाय हे कळल्यावर घरोघरचे तरुण मुलगे काय करतात? ते गाव सोडतात, आईशी बोलणं टाकतात, क्वचित आईच्याच जिवावर उठतात. हा पोलीस ठाण्यात गेला. पुढचं सगळं त्यानंतर घडलं.

तपास पथकाने फार्महाऊसवरच्या नोकरांच्या खोलीतून कपडे ताब्यात घेतले. त्यांत तिची साडी होती. काम सोडताना ती तिथेच राहिली आणि कुणी फेकली नाही. मालकांच्या लेखी ती एक जुनेर होती. न्यायवैद्यक तपासणीत त्या साडीवरच्या डागांतला डीएनए जुळला. व्हिडिओत अत्याचार करणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून आवाज आणि शरीराच्या खुणा तज्ज्ञांनी ताडून पाहिल्या. आरोपपत्र सोळाशेहून अधिक पानांचं, साक्षीदार ११३. प्रत्यक्ष सुनावणी २०२५च्या मे महिन्यात सुरू झाली, २६ साक्षीदार तपासले गेले आणि १ ऑगस्टला बेंगळुरूच्या खासदार-आमदारांसाठीच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश संतोष गजानन भट यांनी प्रज्वलला दोषी ठरवलं. दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावली: उरलेलं आयुष्यभर तुरुंग, ११ लाखांहून अधिक दंड, आणि त्यातले सव्वाअकरा लाख त्या बाईला. शिक्षेवर बोलताना तो रडला. आपण इंजिनियर आहोत, हुशार विद्यार्थी होतो, राजकारणात झपाट्याने वर आलो हीच आपली चूक झाली, अशा अर्थाचं बोलला. गुन्हा नोंदल्यापासून सव्वा वर्षात निकाल, तोही माजी पंतप्रधानांच्या नातवाविरुद्ध. आपल्या कोर्टांचा वेग ज्याने अनुभवला आहे त्याला हे खरं वाटायला वेळ लागतो.

शिक्षा झाली त्या कलमांकडे बारकाईने पाहण्यासारखं आहे. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं ३७६ (२) (एन), म्हणजे एकाच बाईवर पुन्हा पुन्हा बलात्कार. आणि ३७६ (२) (के), म्हणजे बाई ज्याच्या ताब्यात किंवा वर्चस्वाखाली आहे अशा माणसाने केलेला बलात्कार. हे ‘के’ २०१३ साली आलं, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालाच्या पाठोपाठ. त्याआधी कायदा पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग, दवाखाना यांच्या वर्चस्वाला ओळखत होता. मालकाच्या वर्चस्वाला नाव नव्हतं. आमच्या सीमाभागात त्याची ओळख पिढ्यान् पिढ्यांची आहे. १९४८पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. गढीवर कुणी कुणाला बोलवायचं आणि कुणी नाही म्हणायचं नाही, हे आमच्या आज्या खालच्या आवाजात सांगत. देवदासी प्रथेला बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२चा आहे. देवीला कुणाच्या मुली सोडल्या जात आणि त्या रात्री कुणाच्या वाड्यात जात, हेही सगळ्या गावाला माहीत असे. गढ्या पडल्या. आता दुष्काळ पडला की औराद-आळंदच्या तांड्या-वाड्यांतून माणसं उचल घेऊन पुण्या-मुंबईला, हैदराबादला जातात. बाप्या बांधकामावर, बाई धुणीभांड्याला. दार आतून लावलेल्या फ्लॅटमध्ये ती आणि मालक. ही तरतूद तिच्यासाठी आहे, पण तिला ते कोण सांगणार?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चाच कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. कंपनीत तक्रार समिती असते, घरात ती नसते. म्हणून जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिने जायचं, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे द्यायचं, अशी त्यात तरतूद आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्याच घरी येणाऱ्या बाईला तो सांगितलाय का, हे तर विचारतच नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये केंद्राला सांगितलं आहे.

पुन्हा आमच्या अकरा दिवसांकडे येतो. त्या दिवसांत प्रचाराच्या जीपवर हासनचा उल्लेख झाला नाही असं भाषण काँग्रेसचं नव्हतं, आणि झाला असं भाजपचं विरळा. निकाल लागला. हासनमध्ये प्रज्वल ४२ हजारांच्या वर मतांनी पडला, श्रेयस पटेलकडून. हा श्रेयस जी. पुट्टस्वामी गौडांचा नातू, ज्यांनी १९९९मध्ये देवेगौडांनाच पाडलं होतं. दक्षिणेतल्या १४ जागांपैकी काँग्रेसला दोन मिळाल्या, उत्तरेतल्या १४ पैकी सात. बिदर, कलबुर्गी, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, कल्याण कर्नाटकाच्या पाचही. काही विश्लेषकांनी लगेच गणित मांडलं: हासन फुटलं आणि उत्तर पालटलं. हे गणित मोहात पाडणारं आहे, आणि मला ते मान्य नाही. बिदरमध्ये केंद्रीय राज्यमंत्री भगवंत खुबा सव्वा लाखाच्या वर मतांनी पडले त्यात औरादचे त्यांच्याच पक्षाचे आमदार प्रभू चव्हाण उघड त्यांच्या विरोधात होते, काँग्रेसचे मंत्री ईश्वर खंड्रेंची यंत्रणा होती, मराठा मतांची नाराजी होती, राज्य सरकारच्या गॅरंटी योजनेचे दोन हजार रुपये बायकांच्या खात्यावर येत होते. कलबुर्गीत मल्लिकार्जुन खर्गेंची २०१९ची हार धुऊन काढायची होती. हासनच्या बायकांना न्याय द्यायला इथे कुणी रांगेत उभं राहिलं नव्हतं.

आणि आम्ही निवडून कुणाला दिलं? बिदरला २६ वर्षांचा सागर खंड्रे, वडील हेच ईश्वर खंड्रे, आजोबा भीमण्णा खंड्रे. कलबुर्गीला राधाकृष्ण दोड्डमनी, खर्गेंचे जावई. या दोघांवर बोट ठेवण्यासारखं काही नाही, आणि घराणं म्हणजे गुन्हा नव्हे. पण हासनच्या गोष्टीतला गुन्हेगार एकटा नव्हता, त्याच्यामागे घर होतं, आणि त्या घराला नाही म्हणणं जिल्ह्यातल्या कुणालाच परवडत नव्हतं. बदली त्यांच्या हातात, ठेका त्यांच्या हातात, दूध संघ त्यांच्या हातात. तक्रार घेऊन जायचं ते फौजदारही त्यांनीच आणलेले. हे वाचताना भालकी किंवा चिंचोळीच्या माणसाला स्वतःचा तालुका आठवला नाही, तर त्याने प्रामाणिकपणे पुन्हा वाचावं. ९ जून २०२४ला केंद्रात नवं मंत्रिमंडळ झालं. कुमारस्वामी त्यात कॅबिनेट मंत्री झाले. प्रज्वल कोठडीत होता. पुतण्याच्या पापाची शिक्षा काकाला का, हा प्रश्न रास्तच. तिकीट देणारा पक्ष काकांचा होता, हेही तितकंच खरं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे जळगाव आठवेल. जुलै १९९४मध्ये ते प्रकरण बाहेर आलं. मुलींना फसवून त्यांची छायाचित्रं काढायची आणि धमकावत राहायचं, गुंतलेल्यांत स्थानिक राजकारणी. तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हते, निगेटिव्ह होत्या. महाराष्ट्र ढवळून निघाला, मोर्चे निघाले. मग मुलींची लग्नं ठरू लागली, त्या बोलेनाशा झाल्या, आणि खालच्या कोर्टाने दिलेल्या शिक्षाही वरच्या कोर्टात टिकल्या नाहीत. बाई उशिरा का बोलली, हा प्रश्न तिथेही आडवा आला. हासनच्या प्रकरणात एच. डी. रेवण्णांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपाबाबत उच्च न्यायालयात मुद्दा आला तोही मुदतीचाच. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी, असा नियम आहे. नियम अन्यायाचा नाही. पण मालक आमदार असला की त्या तीन वर्षांत नोकरी, घर, नवऱ्याची मजुरी सगळं त्याच्याच दारात असतं, हे त्या नियमात मावत नाही.

अमेरिकेतला जेफ्री एपस्टीन हा याच जातीचा सर्वांत श्रीमंत नमुना. फ्लोरिडातल्या पाम बीचच्या पोलिसांनी २००५मध्ये त्याच्यामागे लागून अल्पवयीन मुलींच्या साक्षी गोळा केल्या होत्या. २००८मध्ये सरकारी वकिलांनी त्याच्याशी असा करार केला की तो सुमारे तेरा महिने तुरुंगात राहिला, आणि त्यातही दिवसा कार्यालयात जायची मुभा. ज्युली ब्राउन या ‘मायामी हेरल्ड’च्या पत्रकार बाईने २०१८मध्ये त्या मुलींना, आता बाया झालेल्या, शोधून काढलं आणि प्रकरण पुन्हा उघडलं. जुलै २०१९मध्ये अटक, १० ऑगस्टला कोठडीत मृत्यू. त्याची साथीदार घिलेन मॅक्सवेल २० वर्षांसाठी आत आहे. आणि मग वर्षानुवर्षं चालू राहिलं ते ओळखीपाळखीचं प्रकरण: कुणी त्याच्या विमानातून प्रवास केला, कुणी शिक्षा झाल्यानंतरही त्याच्याकडे जेवायला जात राहिलं. ब्रिटनच्या राजाने सख्ख्या भावाची, अँड्र्यूची, पदवी काढून घेतली. अमेरिकेतले ब्रिटनचे राजदूत पीटर मँडेलसन यांना सप्टेंबर २०२५मध्ये परत बोलावलं गेलं. त्या नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसने कागदपत्रं खुली करण्याचा कायदाच केला. त्या कागदांत नाव येणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, हे तिथेही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पण प्रश्न विचारला गेला: तुला माहीत असताना तू त्याच्या पंगतीला का बसलास? या प्रश्नाला शिक्षा नाही, पद मात्र जाऊ शकतं.

आपल्याकडे तो प्रश्नच विचारला जात नाही. कायद्याची यात एक गंमत आहे. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असून कळवला नाही, तर पॉक्सो कायद्याखाली तो गुन्हा होतो. प्रौढ बाईवरच्या बलात्काराची माहिती असणाऱ्यावर तसं बंधन नाही. खून, दरोडा, खोट्या नोटा यांची खबर सामान्य नागरिकाने द्यायची अशी यादी फौजदारी प्रक्रियेत आहे. तीत बलात्कार नाही. त्यामागे कारणही आहे, बाईच्या संमतीशिवाय तिची गोष्ट पोलिसांत जाऊ नये. मला हे कारण पटतं. मात्र पक्षाला तिकीट कापायला फौजदारी कायदा लागत नाही.

२० मार्च २०२५ला कर्नाटक विधानसभेत मंत्री के. एन. राजण्णा यांनी सांगितलं की ४८ जणांना ‘हनी ट्रॅप’मध्ये अडकवलं गेलं आहे, वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी. सभागृह हादरलं, चौकशीची मागणी झाली, सगळे पक्ष एका सुरात बोलले. हासनच्या बायकांसाठी ते असे एका सुरात कधी बोलल्याचं मला तरी ऐकू आलेलं नाही. जानेवारी २०२४मध्ये याच राज्याने बसवण्णांना सांस्कृतिक नायक म्हणून जाहीर केलं. बसवकल्याणला अनुभव मंटपाची, म्हणजे बसवण्णांच्या शरणांच्या सभेची, नवी इमारत उभी राहते आहे. बाराव्या शतकात कल्याणमध्ये देहविक्रय करून आलेली संकव्वाही शरणांच्या बरोबरीने बसली आणि वचनं रचून गेली. निवडणूक आली की प्रत्येक पक्षाचा पुढारी कल्याणला येऊन हे सांगतो.

डिसेंबर २०२५मध्ये उच्च न्यायालयाने प्रज्वलची शिक्षा स्थगित करायला नकार दिला. अपील चालेल, आणि अपिलाचा हक्क त्यालाही आहे. परप्पन अग्रहारच्या तुरुंगात त्याला वाचनालयातलं कारकुनी काम मिळालं. एकूण चार गुन्ह्यांपैकी निकाल लागला तो एकाचा. एका बाईची साडी फेकायची राहून गेली म्हणून. बाकीच्या तीन खटल्यांतल्या बायकांकडे तसं काही आहे की नाही, ते उलटतपासणीत कळेल. आमच्याकडे जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०२१पासून रखडल्या आहेत. त्या लागतील तेव्हा तिकिटासाठी आखाड्या-आखाड्यांवर बैठका होतील, आणि स्वयंपाक करायला कोण असेल ते सगळ्यांना माहीत आहे.